जाईचा पाला

लॅबवाले कदम स्वतः सायकल मारत आमच्या दारात आले. रिपोर्ट न्यायला माणसं त्यांच्याकडे जातात, ते कुणाच्या दारात जात नाहीत.

आदल्या दिवशी गौरी-गणपती बोळवून झाले होते. मी सोप्यात बसून मखराच्या दोऱ्या सोडत होतो. मालन आत पांघरूण घेऊन पडली होती. रात्रीपासून अंगात ताप होता, म्हणून सकाळीच तिला कदमांकडे नेऊन रक्त देऊन आणलं होतं.

"वहिनी काय करतात?" कदमांनी विचारलं.

"पडलीय. काय निघालं? टायफॉईड?"

कदमांनी सायकल भिंतीला टेकवली. "हणमंतराव, मी परत परत करून बघितलं. वाटलं, मशीन बिघडलं. म्हणून माझं स्वतःचं रक्त घालून बघितलं, तर ते बरोबर आलं."

"म्हणजे?"

"पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. आजच्या आज कराडला न्या. एसटीची वाट बघू नका, गाडी करा. गर्दीत अजिबात नेऊ नका त्यांना."

आतून मालनचा आवाज आला, "कोण आलंय? चहा टाकू का?"

"नको वहिनी, घाईत आहे," कदम मोठ्यानं म्हणाले. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "नवीन गोळी कुठली चालू आहे का?"

होती. ती गोळी म्हणजे आमच्या घरात देव आल्यासारखं झालं होतं.

मालनच्या मोठ्या आतड्याला आतून जखमा व्हायच्या. अल्सरेटिव्ह कोलायटिस. हे नाव बोलायला मला महिना लागला, मालन पहिल्याच दिवशी शिकली. दिवसातनं किती वेळा परसाकडे पळावं लागायचं त्याला गणती नव्हती, आणि प्रत्येक वेळी रक्त. लग्नाला जायचं म्हटलं की ती आधी विचारायची, तिथं संडास कुठल्या बाजूला आहे. पुढं पुढं जाणंच सोडलं.

मग स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त थांबलं, पण तिचा चेहरा भाकरीसारखा फुगला. गाल असे वर आले की हसली तर डोळे दिसेनात. आणि गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या, "मालन, तब्येत बेस झाली हं आता!" ती समोर हसायची आणि घरात येऊन भांडी आपटायची. रक्तात साखर आली. राग तर असा यायचा की एकदा मीठ कमी पडलं म्हणून स्वतःच केलेली आमटी तिनं मोरीत ओतली, आणि मग मोरीपाशीच बसून रडली. "ही मी न्हाई हो," म्हणाली. "ही गोळी भांडतीया तुमच्याशी."

मी म्हटलं, "मग गोळीला सांग, आमटी ओतू नको. मला भूक लागलीय."

तशी रडता रडता हसली.

गोळी कमी केली की रक्त परत सुरू व्हायचं. शेवटी कराडच्या शिराळकर डॉक्टरांनी ती बदलायचं ठरवलं. बाई तरुण होत्या, पण मन लावून बघायच्या. म्हणाल्या, "ही नवी गोळी सावकाश काम करते. चेहरा सुजणार नाही. स्टेरॉईड हळूहळू बंद करू. पंधरा पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं आणि काही वेगळं वाटलं तर मला फोन करायचा."

पहिली तपासणी चांगली आली. डॉक्टरांनी डोस वाढवला. मालनच्या चेहऱ्याची सूज उतरायला लागली. हनुवटी दिसायला लागली. रक्त थांबलं ते थांबलं. एके दिवशी तिनं बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला, कितीतरी दिवसांनी, आणि दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. ते मला सांगताना तिचा आवाज असा होता की शेजाऱ्याला वाटावं हिला लॉटरी लागली.

मी रहिमतपूरला नगरपालिकेत व्हॉल्वमन होतो. पहाटे उठून गल्लोगल्लीच्या चाव्या फिरवून पाणी सोडायचं, हे माझं काम. मालन माझ्याबरोबर यायला लागली. एवढी वर्षं तिची घरापासून लांब जायची छाती नव्हती. आता हातात बॅटरी धरून माझ्या पुढं चालायची.

"तू कशाला येतीस? झोप की."

"तुम्ही कुठल्या गल्लीत जास्त पाणी सोडता ते बघायला."

तेव्हा श्रावण चालू होता. मालनच्या डोक्यात एकच गोष्ट होती, गौरी. आमच्या घरी मुखवट्याच्या गौरी. आजार आल्यापासून तिनं गौरीला हात लावला नव्हता. रक्त पडणाऱ्या अंगानं देवीला शिवायचं नाही, असं तिनं स्वतःच ठरवून घेतलं होतं. शेजारची सोनाक्का तिला नेहमी समजावायची, "अगं, आजार हाय तो. इटाळ न्हवं. देवीला एवढं कळत न्हाई व्हय?" पण ऐकायचीच नाही. मग दर वर्षी सोनाक्का येऊन आमच्या गौरी उभ्या करायची आणि मालन दारात उभी राहून सांगायची, निरी नीट घे, पदर जरा वर.

सोनाक्काबद्दल सांगायला हवं. आम्हाला मूलबाळ नाही. मालनची आईही लवकर गेली. सोनाक्का एकटी, आमच्या आईच्या वयाची. तिच्या अंगणात जाईचा वेल, आडुळसा, गवती चहा, कोरफड असं काय काय होतं. गल्लीत कुणाला काही झालं की पहिली पायरी तिची. पोरांचं पोट दुखलं, तिच्याकडे. बाळंतिणीला दूध येईना, तिच्याकडे. कधी कुणाकडून पैसा घेतला नाही. मालनवर तिचा जीव होता.

ऑगस्ट संपत आला आणि मालनचं तोंड आलं. गालाला आतून आणि जिभेच्या कडेला पांढरे फोड. तिखट लागेना. सोनाक्कानं तिला दारातल्या उजेडात बसवून "आ कर" म्हटलं आणि बघून मान हलवली.

"उष्णता हाय. ह्या इंग्रजी गोळ्या म्हंजी नुसता जाळ. पोटातली आग वर तोंडात आलीय."

मला ते पटलं. कुणाला पटणार नाही? तोंड आलं म्हणजे उष्णता, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यात दवाखान्याचं काय?

दुसऱ्या दिवसापासून सोनाक्का रोज सकाळी जाईचा कोवळा पाला तोडून आणायला लागली. वेल छपरावर चढलेला. ती स्टुलावर उभी राहून काठीनं फांदी ओढायची. मी म्हटलं, "अक्का, मी देतो की काढून." तर म्हणाली, "तू नळाच्या चाव्या फिरीव. पाला कोवळा कुठला, जून कुठला, तुला काय कळतंय?"

मालन पाला चावायची आणि तोंड वाकडं करायची. "अक्के, कडू हाय गं."

"मग काय जिलबी दिऊ? चाव गुमान. रस गिळायचा न्हाई, थुकायचा."

बातमी गल्लीत पसरली. कुणी गुलकंद दिला. कुणी मोरावळ्याची बरणी आणून ठेवली. समोरच्या घरातून रोज दूर्वांचा रस यायला लागला. सब्जा तर तीन घरांतून आला. मालन एक एक वाटी संपवायची आणि म्हणायची, "एवढं थंड पिऊन मी आता बर्फ हुणार बघा."

रक्त तपासायची पुढची तारीख गौरी येणार त्याच दिवसाची होती. कदम सणासाठी त्यांच्या गावाला गेले होते, लॅबला कुलूप. मालन म्हणाली, "गौरी गेल्या की करू. चार दिवसांत काय हुतंय? पोट तर ठणठणीत हाय माझं." खरंच होतं. पोट ठणठणीत होतं.

गौरी यायच्या सकाळी ती न्हायली आणि ओल्या केसांनी बाहेर आली. दोन्ही हात पुढं धरले होते. हातात केसांचा पुंजका, उंदराएवढा.

"अहो, हे बघा."

"कुणाचं?"

"माझंच. फणी लावली तर असं हातात आलं."

मी तिच्याकडे बघितलं. तिचे केस म्हणजे तिची शान. लग्नात वेणी कमरेखाली होती. आता कानामागं डोक्याची कातडी दिसत होती. मी पुंजका तिच्या हातातून घेतला. तिनं माझ्या टकलावरून ओला हात फिरवला आणि म्हणाली, "शोभतो आता जोडा. एका फणीत दोघांचं भागंल. न्हाईतर ती तरी कशाला, इकून टाकू."

सोनाक्का आली, केस उजेडात धरून बघितले. मग म्हणाली, "तीच उष्णता डोक्याला चढली. सण होऊ दे, तुला माक्याचं तेल करून देते." एवढं बोलून ती घरी गेली आणि ट्रंकेतून स्वतःच्या तरुणपणीचं गंगावन घेऊन आली. डांबराच्या गोळ्यांचा वास येणारं, काळंभोर. मालनला पाटावर बसवून तिनं त्याचा असा अंबाडा घातला की खरा-खोटा ओळखू येईना.

"हालू नको. माझ्या लग्नातलं हाय हे."

"म्हंजी शिवाजी म्हाराजांच्या काळातलं?"

सोनाक्कानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

त्या दिवशी मालननं गौरी आणल्या. तुळशीपासून घरापर्यंत कुंकवाची पावलं उमटवत, "गौरी आली, कशाच्या पावलानं आली," असं सोनाक्का विचारत होती आणि मालन उत्तर देत होती. सोन्याच्या पावलानं, आरोग्याच्या पावलानं. मुखवटे तिनं स्वतःच्या हातानं बसवले. नऊवारी नेसवताना निऱ्या तोंडात धरता येईनात, इतकं तोंड हुळहुळत होतं. म्हणून निऱ्या मी धरल्या. घरातल्या पुरुषानं गौरीच्या निऱ्या धरलेल्या बघून सोनाक्का हसून हसून खोकायला लागली.

दुसऱ्या दिवशी पूजन. पुरणपोळी, सोळा भाज्या. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. एक म्हणाली, "मालनवैनी, आजारपणातनं उठलात पण अंबाडा बघा केवढा!" मालन आणि सोनाक्का एकमेकींकडे बघेनात. बघितलं असतं तर फुटल्याच असत्या.

बायका गेल्यावर मालन माझ्याशेजारी जेवायला बसली. पुरणपोळीचा घास तिला चावता आला नाही. दुधात कुस्करून गिळायला लागली आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"दुखतंय?"

"दुखतंय. पण गौरीचा परसाद हाय. सोडायचा न्हाई."

तिनं ती पोळी संपवली. तिसऱ्या दिवशी गौरी गेल्या. संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. पुढचं सांगितलंच.

कराडच्या दवाखान्यात तिला एका वेगळ्या खोलीत ठेवलं. आत जायचं तर तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, अंगात झगा. मालन मला बघून म्हणाली, "हे काय ध्यान? ऑपरेशन तुम्ही करणार व्हय?" आवाज अगदी बारीक झाला होता.

शिराळकर डॉक्टर आल्या. बॅटरीनं तिचं तोंड बघितलं. गंगावन आम्ही घरीच काढून ठेवलं होतं. डोक्यावर मागं थोडे केस राहिले होते, ते उशीला चिकटले होते.

"तोंड कधीपासून आलंय?"

"गौरी यायच्या आधीपास्नं," मालन म्हणाली.

"आणि केस?"

"गौरी आल्या त्या सकाळी."

डॉक्टर बाईंचा चेहरा उतरला. "मला फोन का नाही केलात? मी म्हटलं होतं ना, काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा?"

मालननं खरोखरच आश्चर्यानं त्यांच्याकडे बघितलं. "येगळं कुठं काय हुतं, डॉक्टर? तोंडच तर आलं हुतं."

बाई स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. मला वाटलं रागावतील. पण त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मी नुसतं 'वेगळं' म्हटलं. काय वेगळं, ते सांगायला पाहिजे होतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. ही गोळी बहुतेकांना सोसते. पण थोड्या लोकांच्या अंगात ती मोडत नाही, साठत जाते. हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं, तिथंच घाव घालते. पांढऱ्या पेशी संपल्या की साधा जंतूही अंगावर धावून येतो. तोंड येणं आणि मूठमूठ केस जाणं ही पहिली खूण असते. तेव्हाच गोळी थांबवली तर रक्त परत भरायला वेळ मिळतो. कुणाला सोसणार नाही ते आता आधीच तपासून बघता येतं म्हणतात. तेव्हा इकडं तशी तपासणी नव्हती.

"मग ती उष्णता नव्हती?" मी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या.

त्या गेल्या. पेशी वाढायचं इंजेक्शन दिलं होतं, सलाईनमधून औषधं चालू होती. मालन छताकडे बघत पडली होती. मला वाटलं झोपली. पण ती म्हणाली, "अहो, जवळ या."

मी गेलो.

"सोनाक्काला हे कळू द्यायचं न्हाई."

"आता बरी हो. मग बघू."

"न्हाई, ऐका. ती म्हातारी रोज स्टुलावर चढत हुती माझ्यासाठी. तिला कळलं, की ही खूण हुती आन आपण नुसता पाला चावायला देत बसलो, तर ती जेवायची न्हाई. वेल मुळासकट उपटून टाकंल. एवढी माया मला आईनं लावली नसती." तिला दम लागला. थांबून म्हणाली, "शपथ घ्या माझी."

"शपथ कशाला? सांगत नाही."

"आन तिचं गंगावन परत द्या. डांबरगोळ्या घालून."

एवढं बोलून हसायला गेली तर ओठ फुटला. मी कापसानं रक्त टिपलं. हातमोज्यातून तिचा गाल गरम लागत होता. सूज पूर्ण उतरली होती. लग्नातल्यासारखा चेहरा दिसत होता.

तो ताप उतरला नाही. इंजेक्शनं चालू होती, पण पेशी वर यायच्या आधीच जंतू रक्तात पसरला. आठवड्याच्या आत मालन गेली. शेवटचे दोन दिवस ती बोलली नाही. फक्त मी हात धरला की अंगठा हलवायची.

शिराळकर डॉक्टर माझ्याबरोबर बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. त्यांचे डोळे लाल होते. म्हणाल्या, "दादा, एक काम कराल? माझं म्हणून नाही, मालनताईंचं म्हणून. तुम्ही गल्लोगल्ली फिरता. लोकांना सांगा. असल्या गोळ्या आतड्याच्या आजाराला असतात, संधिवाताला असतात, आणखी कशाकशाला असतात. मोठ्या आजाराची रोजची गोळी चालू असताना तोंड आलं, केस गळाले, ताप आला, तर घरचं औषध करत बसायचं नाही. आधी रक्त तपासायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. मी इथं बसून कितीही सांगितलं तरी ते दवाखान्यात येणाऱ्यालाच कळणार."

मी हो म्हटलं.

तेरावं झालं त्या दिवशी सगळे गेल्यावर सोनाक्का माझ्याजवळ बसली. गंगावन मी धुऊन, डांबरगोळ्या घालून तिच्या हातात दिलं. तिनं ते मांडीवर ठेवलं. बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिली.

"हणमंता, एक इचारू?"

"विचार की."

"माझं काय चुकलं का रं? आणखी थंड काय द्याया पायजे हुतं का? दुर्वा मी उशिरा सांगितल्या."

मी तिच्याकडे बघितलं.

"नाय अक्का," मी म्हटलं. "तू लई केलंस. मालन तेच म्हणत होती."

"काय म्हणत हुती?"

"म्हणत होती, आईनं एवढी माया लावली नसती."

सोनाक्कानं पदर तोंडाला लावला. आणि मग माझ्यासाठी भात लावायला उठली.

डॉक्टरांना दिलेला शब्द मी पाळला. पाणी सोडायला जायचो त्या प्रत्येक गल्लीत सांगितलं. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांना, न्हाव्याच्या दुकानात, देवळाच्या पायरीवर. आधी लोकांना वाटलं, बायको गेल्यानं ह्याचं डोकं फिरलंय. पण ऐकायला लागले. कुंभारवाड्यातल्या एका सुनेला सांध्यांसाठी अशीच गोळी होती. तोंड आल्यावर ती थेट कदमांकडे गेली. डॉक्टरांनी तिची गोळी वेळेत थांबवली. ती आज हिंडतीफिरती आहे. तिनं माझ्या घरी पेढे आणून दिले. मालनच्या फोटोसमोर ठेवताना मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही.

आता मी रिटायर झालोय. सोनाक्का ऐंशीच्या पुढं आहे. स्टुलावर चढता येत नाही, म्हणून आता पाला मी काढून देतो, आणि ती खालून ओरडते, जून नको, कोवळा घे. आजही कुणाचं तोंड आलं की माणसं आधी तिच्याच दारात येतात. ती "आ कर" म्हणते, बघते आणि पाला देते. मी तिथं असलो तर येणाऱ्याला वाटेत गाठून विचारतो, रोजची गोळी कुठली चालू आहे का. नसलो तर विचारणारं कुणी नाही.

सगळ्या गावाला सांगून झालं. तिला सांगायचं राहिलंय.